दर्शन, मिसळ, चप्पल आणि परत? थांबा, कोल्हापुरात पाहण्यासारखं खूप काही तुमच्याकडून सुटतंय!

शनिवारी पहाटे पुण्यातून गाडी काढायची. दहा-साडेदहापर्यंत कोल्हापूर. अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, महाद्वार रोडवर फोटो काढायचा. मग घाम फोडणारी मिसळ किंवा तांबडा-पांढरा, चप्पल लाईनमध्ये एक जोड, रंकाळ्यावर भेळ. रात्री अकराला माणूस पुन्हा पुण्यात.

बहुतेकांचं कोल्हापूर असं एका दिवसात उरकतं. वाईट काहीच नाही, पण एवढ्यावर ‘कोल्हापूर पाहिलं’ असं म्हणता येत नाही.

कारण याच शहराच्या एका संग्रहालयात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक समुद्रदेव उभा आहे. इथल्या एका राजाचं स्मारक थेट इटलीत आहे. जमिनीत खोल खणून बांधलेलं कुस्तीचं मैदान इथे आहे. आणि जागतिक वारशाच्या यादीत या जिल्ह्याचं नाव एकदा नाही, दोनदा आलंय.

यातल्या काही जागा पडझडीला लागल्यात, एक तर जळूनही गेली. म्हणून कोल्हापूरला जायचं असेल तर दोन दिवस काढा आणि काय पाहायचं ते आधी समजून घ्या.

१. अंबाबाई मंदिर : फक्त दर्शन नाही, वास्तूही बघा

रांगेतून गाभाऱ्यापर्यंत जाताना सगळ्यांचं लक्ष समोर असतं. बाहेर आल्यावर मात्र एक चक्कर शांतपणे मारा. काळ्या दगडातल्या भिंती, त्यावरच्या मूर्ती, एकमेकांना जोडलेली मंदिरं, दगडी खांबांवरची नक्षी. चालुक्य आणि शिलाहार काळापासून या मंदिरात भर पडत गेली. आक्रमणांच्या काळात देवीची मूर्ती लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

इथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, मंडप पार करतात आणि गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोहोचतात. कधी चरणांपर्यंत, कधी कमरेपर्यंत, तर कधी थेट मुखापर्यंत.

हे होतं कसं?

मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य मात्र रोज नेमक्या पश्चिमेला मावळत नाही. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे. २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेच्या टोकाला असतो. आता कॅलेंडर काढून मोजा. १० नोव्हेंबर या दिवसाच्या साधारण ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी साधारण ४१ दिवस नंतर. म्हणजे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावरच्या एकाच जागी मावळतो. महाद्वार, मंडप आणि गाभारा त्या जागेच्या सरळ रेषेत आले की उजेड आत शिरतो. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी किरणं आडवी होतात आणि मूर्तीवरचा उजेड पायांकडून वर चढतो.

इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मंदिरातही असंच घडतं. तिथे वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं आतल्या मूर्तींवर पडतात. ते पाहायला जगभरातून लोक जातात. कोल्हापूरचा किरणोत्सव महाराष्ट्रातल्याही कितीतरी लोकांना माहीत नाही.

पण ही रेषा मंदिरात संपत नाही. ती महाद्वारातून बाहेर पडते, महाद्वार रोडवरून पुढे जाते आणि क्षितिजापर्यंत पोहोचते. त्या वाटेत एखादी इमारत उंच झाली, छपरावर पाण्याची टाकी आली किंवा दुकानाचा फलक पुढे सरकला तर किरणं तिथेच अडतात. म्हणून किरणोत्सवाच्या आधी या मार्गातले अडथळे मोजावे लागतात आणि काढावे लागतात. ढग आणि धूळ यांचा अडथळा वेगळाच. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी साधलेलं गणित आजच्या एका मजल्यामुळे बिघडू शकतं.

मूर्तीची झीजही काळजीचा विषय होती. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिचं रासायनिक संवर्धन केलं. आवारातल्या गरुड मंडपाचे जुने लाकडी खांब खराब झाल्याने तो उतरवून पुन्हा उभारण्याचं कामही हाती घ्यावं लागलं.

मंदिरातून निघालात की शेजारीच भवानी मंडप आणि जुना राजवाडा आहे. तुळजाभवानीचं दर्शन घ्या आणि मग चालतच पुढच्या ठिकाणी निघा.

२. खासबाग मैदान : जमिनीत खणलेलं कुस्तीचं स्टेडियम

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते. निमित्त होतं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचं. या प्रवासात त्यांनी रोममधलं प्राचीन कलोसियम पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी असं काहीतरी हवं हे त्यांच्या मनात बसलं, असं कोल्हापुरात सांगितलं जातं.

१९०७ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पैलवानांची झाली.

या मैदानाची खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. रोमच्या कलोसियममध्ये भिंती आणि कमानी उभ्या करून प्रेक्षकांना वर बसवलंय. खासबागेत आखाडा मधोमध आणि त्याच्याभोवती चढत जाणारी गोलाकार बैठक. पुढच्याचं डोकं मागच्याच्या नजरेआड येत नाही, त्यामुळे अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लंगोटाची गाठ दिसते. मोठमोठे खांब नाहीत, छप्पर नाही. हजारो लोक बसतात आणि सगळ्यांची नजर तांबड्या मातीवर.

ही मातीही साधी नसते. ती चाळतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू असं काय काय मिसळतात. माती मऊ राहावी आणि पैलवानाला जखम झालीच तर ती चिघळू नये, हा त्यामागचा हेतू.

शहरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा जुन्या तालमी अजून आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव याच शहरातल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना ऑलिंपिकला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं.

पहाटे लवकर उठलात तर एखाद्या तालमीत नम्रपणे विचारा. बाजूला बसून मेहनत बघायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त चप्पल बाहेर काढायची आणि परवानगीशिवाय मोबाईल बाहेर काढायचा नाही.

३. केशवराव भोसले नाट्यगृह : एका रात्रीत जळालेला वारसा

खासबागेला लागूनच शाहू महाराजांनी एक नाट्यगृह बांधलं. १९१५ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव देण्यात आलं. केशवराव कोल्हापूरचेच. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी त्यांची. १९२१ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी ते गेले, पण मराठी संगीत नाटकात त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

एका बाजूला कुस्ती आणि दुसऱ्या बाजूला नाटक. एकाच आवारात ताकद आणि कला शेजारी-शेजारी नांदवणारा राजा विरळाच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं बेचिराख झालं. खासबागेच्या बाजूच्या भागालाही झळ बसली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर त्यांना अभिवादन व्हायचं त्याच्या राखेसमोर कलाकार रडत उभे होते.

त्यानंतर पुनर्बांधणीसाठी सरकारने निधी जाहीर केला आणि काम सुरू झालं. शंभरहून जास्त वर्षं कोल्हापूरकरांनी या वास्तूत नाटकं पाहिली, गाणी ऐकली. ती जळाली तेव्हाच राज्यातल्या अनेकांना कळलं की कोल्हापुरात असं नाट्यगृह होतं. बाकीच्या जागांबाबत असं होऊ नये.

४. टाऊन हॉल म्युझियम : कोल्हापुरात ग्रीक देव कुठून आला?

शाहूपुरीकडे जाताना सीपीआर हॉस्पिटलच्या समोर झाडीत एक टोकदार छपरांची देखणी इमारत दिसते. हा टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात तो बांधला गेला. आत शासनाचं संग्रहालय आहे आणि तिथे गर्दी जवळपास नसते.

आत गेलात की पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती शोधा. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, तो आला कसा?

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथे प्राचीन ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. पुढे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्यातून सातवाहन काळातलं एक भरलेलं नगर समोर आलं. घरं, मणी, भांडी, नाणी आणि रोमन साम्राज्यातून आलेल्या वस्तू.

तेव्हा कोकणच्या बंदरांत पश्चिमेकडची जहाजं लागायची. माल घाटवाटांनी वर यायचा आणि देशावरच्या बाजारपेठांत जायचा. कोल्हापूर त्या वाटेवरचं गाव होतं. म्हणजे इथला परदेशी व्यापार आजकालचा नाही, जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे.

ही छोटी मूर्ती पाहायला तासभर पुरतो. सुट्टीचा वार मात्र आधी विचारून जा.

५. न्यू पॅलेस आणि फ्लॉरेन्समधला कोल्हापूरचा राजा

कसबा बावड्याच्या वाटेवर काळ्या घडीव दगडात बांधलेला न्यू पॅलेस आहे. काम १८७७ मध्ये सुरू झालं आणि १८८४ मध्ये संपलं. मधोमध मनोरा, त्यावर घड्याळ, बाजूला कमानी, छत्र्या, घुमट. हिंदू, इस्लामी आणि युरोपीय अशा शैली इथे एकत्र आल्यात. तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे. शस्त्रं, पोशाख, शिकारीच्या वस्तू, जुने फोटो आणि उंच छताचा दरबार हॉल. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, ते मान वर करून निवांत पाहा.

या राजवाड्याचा वास्तुकार होता मेजर चार्ल्स मँट. टाऊन हॉलही त्याचाच. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस आणि अजमेरचं मेयो कॉलेज यांचे आराखडेही त्याने केले. १८८१ मध्ये तो वारला, त्यामुळे पूर्ण झालेला न्यू पॅलेस त्याला पाहता आला नाही.

मँटचं आणखी एक काम कोल्हापूरशी जोडलेलं आहे, पण ते पाहायला इटलीला जावं लागतं.

१८७० मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला त्यांचं निधन झालं. वय फक्त वीस वर्षं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. फ्लॉरेन्सच्या लोकांसाठी हे दृश्य नवलाचं होतं.

पुढे १८७४ मध्ये त्याच जागी त्यांचं स्मारक उभं राहिलं. भारतीय पद्धतीच्या छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा. ती छत्री मँटने आखली. जवळच्या आधुनिक पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

न्यू पॅलेससमोर उभं राहाल तेव्हा हे आठवा. फ्लॉरेन्समधली छत्री आणि समोरचा मनोरा एकाच माणसाच्या कल्पनेतून आलेत.

थोडं पुढे कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस आहे. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म इथे झाला. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश त्यांनी काढला. कोल्हापूर समजून घ्यायचं असेल तर या माणसाला वगळून चालत नाही.

६. रंकाळा : भेळ खा, पण तलावाकडेही बघा

रंकाळ्याबद्दल एक दंतकथा प्रत्येक कोल्हापूरकराने लहानपणी ऐकलेली असते. तिथला नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल.

जिथे आज तलाव आहे तिथे पूर्वी दगडाची खाण होती आणि तिथला दगड मंदिरांसाठी वापरला गेला, असंही सांगतात. काठावर संध्यामठ आहे. पाणी वाढलं की तो बुडतो, उन्हाळ्यात पुन्हा वर दिसतो. पलीकडे १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस आहे. पुढे त्याचं हॉटेल झालं, आता ते बंद आहे.

शांताराम बापूंचं शांतकिरण स्टुडिओही याच काठावर होता. चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. ‘प्रभात’ची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरातच झाली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही इथलाच. त्याची जागा विकली गेल्याचं समोर आलं तेव्हा २०२२ मध्ये कलाकार आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले होते.

रंकाळ्याचं दुखणं जुनं आहे. आजूबाजूची वस्ती वाढली, सांडपाणी तलावात आलं, जलपर्णी माजली. काही वर्षं पाणी इतकं हिरवं आणि वासाचं झालं की फिरायला येणारे नाक धरून जायचे. स्वच्छतेसाठी लोक रस्त्यावर आले, निधी आला, कामं झाली. तरी नाले वळवणं आणि पाणी राखणं हे रोजचं काम आहे. संध्याकाळी भेळ खाल्ल्यावर कागद खिशात ठेवणं एवढं तर पाहुण्यालाही जमतं.

७. पन्हाळा : जागतिक वारसा, पण लोक राहतात असा

दुसरा दिवस पन्हाळ्यासाठी ठेवा. शहरापासून अंतर साधारण २० किलोमीटर.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, १२ व्या शतकाच्या शेवटी हा किल्ला उभा राहिला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने त्याला महिनोन्‌महिने वेढा घातला. भर पावसात जुलैच्या एका रात्री शिवराय निवडक मावळ्यांसह वेढ्यातून निसटले. शिवा काशिद यांनी महाराजांचा वेष घेऊन शत्रूला चकवलं आणि प्राण दिले. बाजीप्रभू आणि बांदल सैन्याने घोडखिंड अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. तीच घोडखिंड पुढे पावनखिंड झाली.

तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, पुसाटी बुरूज हे पाहाच. अंबरखान्याला मात्र जास्त वेळ द्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ही धान्याची प्रचंड कोठारं. इतके महिने वेढा सोसायचा तर किल्ल्याला तलवारीइतकंच धान्य लागतं, हे इथे उभं राहिल्यावर समजतं.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या बारांत पन्हाळा आहे.

पण पन्हाळा इतर किल्ल्यांसारखा नाही. इथे गाव आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, झुणका-भाकरी विकून घर चालवणारी कुटुंबं आहेत. जागतिक वारसा झाल्यावर घर दुरुस्त करता येईल का, हातगाडी लावता येईल का, ही भीती तिथल्या लोकांनी नाव यादीत येण्याआधीच उघडपणे बोलून दाखवली होती. किल्ला जपायचा आणि त्यात राहणाऱ्यांचं पोटही जपायचं, ही पन्हाळ्याची खरी परीक्षा आहे. म्हणून गडावर गेलात तर जेवण तिथल्याच बाईंच्या हातचं जेवा आणि दगडावर नाव कोरू नका.

वाटेत वाडी रत्नागिरीला जोतिबाचं दर्शन होतं. चैत्र पौर्णिमेला इथे सासनकाठ्या आणि गुलालाने डोंगर गुलाबी होतो.

८. वेळ असेल तर खिद्रापूर नाहीतर राधानगरी

कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही. खांबांच्या वर्तुळावर गोल मोकळी जागा आणि वर थेट आभाळ. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र बरोबर त्या वर्तुळावर येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणं उतरतं. शंकराचं मंदिर असूनही समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला आहे, असं मानतात. जाता-येता नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन होतं, बासुंदीही मिळते.

पाऊस सुरू असेल तर राधानगरीकडे वळा. शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेलं हे धरण. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ ही बातमी कोल्हापुरात कुठल्याही सेलिब्रिटीच्या लग्नापेक्षा जास्त वाचली जाते, कारण त्यानंतर पंचगंगेचं पाणी वाढतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चे महापूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पाण्याची पातळी बघूनच निघा.

धरणाला लागून असलेलं दाजीपूर-राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध. १९५८ पासून हे जंगल राखीव आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला तेव्हा त्यात राधानगरीचाही समावेश झाला. जिल्ह्याचं नाव दोनदा आलंय ते असं. आधी जंगल आणि मग पन्हाळा.

आणि हो, चप्पल कशी घ्यायची?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. सोशल मीडियावर गदारोळ झाला आणि या चपलांची प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं.

त्या गदारोळात तुम्हीही पोस्ट टाकली असेल, तर चप्पल लाईनमध्ये दोन मिनिटं जास्त थांबा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे येतात. अस्सल चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. शिवण कातड्याच्या वादीची असते, खिळे नसतात. रेक्झिनची स्वस्त नक्कल शेजारीच टांगलेली दिसेल. तळ बघा, शिवण बघा, वास घ्या आणि दुकानदाराला विचारा, ‘ही कुणी बनवली?’ उत्तर देता येणारा दुकानदार मिळाला तर घासाघीस थोडी कमी करा. प्राडाच्या दुकानात कुणी करत नाही.

दोन दिवसांचा हिशोब

पहिला दिवस : पहाटे तालीम, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, मग अंबाबाई आणि भवानी मंडप. मिसळ खाऊन खासबाग आणि टाऊन हॉल. दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं उतरताना न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा.

दुसरा दिवस : सकाळी पन्हाळा आणि जोतिबा, किंवा नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. दोन्ही बाजू एका दिवसात कोंबू नका, त्या विरुद्ध दिशांना आहेत. परतताना चप्पल लाईन आणि साज बघायचा असेल तर गुजरी.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीत आणून सोडते. पुण्याहून गाडीने चार-पाच तास.

एवढं पाहून झालं तरी कोल्हापूर संपत नाही. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘कोल्हापुरात काय, दर्शन झालं की झालं’, तर त्याला किमान एक प्रश्न विचारता येईल. टाऊन हॉलमधला समुद्रदेव पाहिलास का?

नसेल पाहिला, तर कोल्हापुरी भाषेत एवढंच सांगायचं. परत ये भावा, अजून लई बघायचं राहिलंय!